वीस वर्षांचं व्याज, एका वर्षाचं उत्पन्न



ज्या ज्येष्ठ वकिलांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांची निम्मी वकिली वाढीव मावेजाच्या दाव्यांत गेली. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात मी आयकराच्या एका नियमाबद्दल बोलणार आहे, कारण त्यांनी जिंकून दिलेला पैसा घरी पोचण्याआधी याच नियमातून जातो. दावा कधी लागला, अपील कोणत्या टप्प्यावर आहे, कोर्टात रक्कम जमा झाली का, हे आपल्याकडे पारावरच्या माणसालाही माहीत असतं. पण टीडीएस किती कापला, का कापला, कोणाच्या पॅनवर कापला, हे ज्याची जमीन गेली त्या घरातही बहुधा कोणाला सांगता येत नाही. मी लातुरात करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारी अशी घरं नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतली असतात आणि त्यांच्या हातातल्या कागदांची पिशवी जवळपास सारखीच असते.

नांदेड आणि लातूर हे संपादनाचे जिल्हे आहेत. इथे नांदेडकडे विष्णुपुरी आहे, मानार आहे, मुखेड तालुक्यात दशकानुदशकं रखडलेला लेंडी प्रकल्प आहे. लातूरकडे तिरू, घरणी, रेणा, तावरजा, देवर्जन, मसलगा, साकोळ या धरणांची नुसती नावं घेतली तरी कोणाची ना कोणाची बुडालेली जमीन डोळ्यांपुढे येते. गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावं नव्या जागी वसवली. ती वसवायलाही कोणाची तरी शेतं घ्यावी लागली. पुढे तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा नागपूरकडे जाणारा महामार्ग रुंद झाला. आता शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे आणि मोजणीला विरोध करणारे शेतकरी रस्त्यावर उतरलेले आपण पाहिले आहेत. तेव्हा मी ज्या कुटुंबांबद्दल बोलतो आहे त्यांतली काही या सभागृहातही असतील.

जुन्या संपादनांना १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. भूसंपादन अधिकारी निवाडा करायचा आणि भाव ठरवायचा. तो भाव इतका कमी असायचा की शेतकरी रक्कम 'निषेध नोंदवून' उचलायचा आणि कलम १८ खाली दावा टाकायचा. दिवाणी न्यायालय भाव वाढवून द्यायचं. मग सरकार अपिलात जायचं, औरंगाबाद खंडपीठात ते अपील वर्षानुवर्षं पडून राहायचं आणि अखेर दरखास्त लावून पैसे वसूल करावे लागायचे. जमिनीचा कब्जा आणि पूर्ण पैसा यांच्यात पंधरा-वीस वर्षं जाणं यात कोणाला नवल वाटत नसे.

या मधल्या काळाची भरपाई कायद्याने ठरवून दिली होती. १९८४ च्या दुरुस्तीने, सक्तीने जमीन घेतल्याबद्दल वर मिळणारं सोलेशियम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झालं. बाजारभावावर वर्षाला १२ टक्के अशी एक वाढीव रक्कम आली. आणि कोर्टाने वाढवून दिलेल्या मावेजावर कब्जा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे दर वर्षी १५ टक्के व्याज देण्याची तरतूद झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सोलेशियमवरही हे व्याज मिळेल असं सांगितलं. परिणाम असा की वीस वर्षांनी हाती पडणाऱ्या रकमेत जमिनीची किंमत थोडी असते आणि व्याज तिच्या दुप्पट-तिप्पट असतं. वीस वर्षांचं हे व्याज मुद्दलाच्या २९४ टक्के होतं. मुळात जमिनीचाच असलेला पैसा केवळ उशिरामुळे व्याज या नावाखाली जातो, आणि आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय इथून सुरू होतो.

कारण जमिनीचा मावेजा आणि व्याज यांना आयकर वेगवेगळं वागवतो. खेड्यातली शेतजमीन आयकर कायद्याच्या अर्थाने भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या मावेजावर कर नाही. शहराच्या हद्दीजवळची शेतजमीन असली तरी ती सक्तीने संपादित झाली असेल आणि आधीची दोन वर्षं कुटुंब ती कसत असेल, तर कलम १०(३७) नुसार तोही मावेजा करमुक्त आहे. इथवर कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. व्याजाचं मात्र तसं नाही.

आता मागे जाऊ. रामाबाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं होतं की वाढीव मावेजावरचं व्याज ज्या ज्या वर्षाचं असेल त्या त्या वर्षाचं उत्पन्न धरावं. म्हणजे वीस वर्षांचं व्याज वीस वर्षांत वाटायचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मांडणी न्यायाची होती, कारण वर्षावर्षाचा तुकडा लहान असायचा आणि बहुतेक वेळा करमुक्त मर्यादेच्या आतच राहायचा. तरी तिच्यात एक खरी अडचण होती. पैसा हातात नाही, खटला चालू आहे, आणि कागदावर उत्पन्न साचत चाललंय, अशी स्थिती होत असे. जुन्या वर्षांची प्रकरणं उघडली जात.

६ जुलै २००९ रोजी अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यासोबतच्या स्पष्टीकरणात रामाबाई निकालाचा उल्लेख होता आणि करदात्यांचा त्रास कमी करण्यासाठी बदल करत असल्याचं कारण दिलेलं होतं. बदल असा झाला की मावेजावरचं व्याज, ते कोणत्याही काळाचं असो, ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षाचं उत्पन्न मानायचं. त्यातून निम्मी वजावट द्यायची आणि उरलेल्या निम्म्यावर कर घ्यायचा. दुसरी कोणतीही वजावट नाही. वीस वर्षांचा कोर्टखर्च, हेलपाटे, नकला, मुंबई-औरंगाबादच्या फेऱ्या, सगळं त्या निम्म्यात आलं असं कायद्याने धरलं.

याच महिन्यात, १६ जुलै २००९ ला, सर्वोच्च न्यायालयाचा घनश्याम या खटल्यातला निकाल आला. त्यात न्यायालयाने दोन व्याजांत फरक केला. मूळ निवाड्याची रक्कम द्यायला उशीर झाला म्हणून मिळणारं कलम ३४ चं व्याज वेगळं, आणि कोर्टाने वाढवलेल्या रकमेवरचं कलम २८ चं व्याज वेगळं. हे दुसरं व्याज म्हणजे जमिनीच्या मूल्यातलीच भर, मावेजाचाच भाग, असं न्यायालय म्हणालं. बारा टक्क्यांची वाढीव रक्कम आणि सोलेशियमही मावेजाचाच भाग. शेतकऱ्याची बाजू यापेक्षा स्पष्ट मांडता येणार नाही. पण नवी दुरुस्ती ऑगस्टमध्ये कायदा झाली आणि २००९-१० या आर्थिक वर्षापासून लागू झाली. त्यानंतर न्यायालयांतच दोन मतं झाली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१६ साली कलम २८ चं व्याज मावेजाच आहे, त्यावर टीडीएस कापता येणार नाही, असं म्हटलं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० साली नेमकं उलट सांगितलं, की दुरुस्तीनंतर ते करपात्र आहे. पैसे देणारं कार्यालय अशा वेळी धोका पत्करत नाही. ते टीडीएस कापून मोकळं होतं आणि भांडण शेतकऱ्याच्या दारात येऊन पडतं.

एक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. १९९८ साली कब्जा गेला, २०१८-१९ साली पैसे मिळाले. कोर्टाने वाढवलेली रक्कम, सोलेशियम वगैरे धरून, ५ लाख. त्यावर वीस वर्षांचं व्याज १४ लाख ७० हजार. निम्मी वजावट गेली, ७ लाख ३५ हजार करपात्र राहिले. त्या वर्षीच्या दरांनी, साठीच्या आतल्या माणसाला, उपकरासह ६१ हजार ८८० रुपये कर बसतो. शेतीचं उत्पन्न दरापुरतं मिळवण्याची जी तरतूद आहे ती मी बाजूला ठेवली आहे. ती धरली तर आकडा वाढतो.

आता हेच व्याज ज्या त्या वर्षात वाटून पाहा, निम्मी वजावट तशीच ठेवून. पहिल्या वर्षी करपात्र २२ हजार ५००. पुढच्या प्रत्येक वर्षी ३७ हजार ५००. १९९८-९९ मध्ये करमुक्त मर्यादा ५० हजार होती आणि नंतर ती वाढतच गेली. म्हणजे या वीस वर्षांतल्या एकाही वर्षात या माणसाला एक रुपयाही कर लागला नसता. त्याचं उत्पन्न वाढलेलं नाही, जमीन तीच, व्याजाचा दर कायद्यानेच ठरवलेला. बदललं ते एवढंच की पैसे देणाऱ्याने वीस वर्षं दिले नाहीत. उशीर सरकारचा आणि कर शेतकऱ्याला, हे या नियमाचं सार आहे, आणि ते मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, कायद्याला असं वाटून देणं जमत नसेल. तर ते जमतं. मराठवाड्यातल्या किती घरांत एक भाऊ शेतात आणि एक जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. गुरुजींना वेतनाची थकबाकी एकदम मिळाली तर कलम ८९ त्यांच्या मदतीला येतं. फॉर्म १०ई भरायचा, थकबाकी ज्या वर्षांची त्या वर्षांत वाटून कर काढायचा आणि फरकाची सूट घ्यायची. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही हीच सोय आहे. पोर्टलवर हा फॉर्म आहे, त्याचं गणित संगणक करतो. म्हणजे उशिराने आलेला पैसा एका वर्षाचा नसतो, हे तत्त्व आयकर कायद्याला पटलेलं आहे. एकाच सातबाऱ्यावर नाव असलेल्या दोन भावांपैकी ते एकाच्या पगाराच्या थकबाकीला लागू आहे आणि दुसऱ्याच्या धरणात गेलेल्या जमिनीच्या थकबाकीला नाही. या भेदाला मला कोणतंही कारण सापडलेलं नाही. पगारदाराचा उशीर सरकारी आणि धरणग्रस्ताचाही सरकारीच.

करापेक्षा मोठा जाच कपातीचा आहे. मघाच्या उदाहरणात १४ लाख ७० हजारांवर १० टक्के, म्हणजे १ लाख ४७ हजार टीडीएस जातो. देय कर ६१ हजार ८८०. म्हणजे ८५ हजार १२० रुपये शेतकऱ्याचे सरकारकडे जास्तीचे जमा. पॅन दिलेलं नसेल तर कपात २० टक्के, २ लाख ९४ हजार. २०२३ च्या जुलैपासून पॅन आधारशी जोडलेलं नसलं तरी जास्त दर. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची नावं सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरी आणि मतदार यादीत तिसरी असतात. जोडणी होत नाही ती त्यामुळे. पंधरा जी हा फॉर्म देऊन कपात टाळता येत नाही, कारण व्याजाची रक्कमच करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर तो चालत नाही. कमी कपातीचा दाखला आधी मिळवण्याची सोय कलम १९७ मध्ये आहे, पण पैसे कोर्टात कधी जमा होणार हे शेतकऱ्याला जमा झाल्यावर कळतं.

आणि पैसा एकाचा नसतो. दावा आजोबांनी टाकलेला असतो. निकालापर्यंत ते गेलेले असतात. वारसांची नावं लागतात: दोन मुलगे, तीन मुली, एका मयत मुलाची बायको आणि तिची लेकरं. लेकी उदगीरला, देगलूरला, पुण्याला. कपात मात्र पुष्कळदा दाव्यातल्या पहिल्या नावावर, एकाच पॅनवर होते. मग थोरल्याच्या खात्यात सगळ्यांचा टीडीएस दिसतो आणि त्याच्याच नावावर सगळ्यांचं उत्पन्नही दिसतं. बहिणींच्या वाट्याचा परतावा बहिणींना मागता येत नाही, आणि थोरल्याला नोटीस येते ती भावकीतल्या सगळ्यांच्या पैशाची. नियम ३७ बीए मध्ये यावर उपाय आहे. हे उत्पन्न माझ्या एकट्याचं नाही असं थोरल्याने पैसे देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवायचं, वाटेकऱ्यांची नावं, पत्ते, पॅन आणि हिस्से द्यायचे, आणि कार्यालयाने त्यांच्या त्यांच्या नावावर कपात दाखवायची. नियम चांगला आहे. तो वापरलेला पाहायला मात्र फार शोधावं लागतं. मी या उपायासाठी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो तेव्हा तिथल्या लेखनिकाने तो नियम पहिल्यांदाच ऐकला होता. त्याने अर्ज नीट वाचून घेतला आणि वर पाठवला. प्रामाणिक माणूस होता. पण तोवर कपातीचं विवरणपत्र भरून झालेलं होतं आणि दुरुस्ती करायची जबाबदारी कोणाची यावर पुढची पत्रं गेली.

रकमेची फोड हा आणखी एक काच. कोर्टातून मिळालेल्या कागदावर किंवा बँकेच्या नोंदीत एकच आकडा असतो. त्यात मावेजा किती, सोलेशियम किती, बारा टक्क्यांची रक्कम किती, कलम ३४ चं व्याज किती आणि कलम २८ चं किती, हे स्वतंत्र लिहिलेलं नसतं. बारा टक्के दिसले की ते व्याजच असणार असं समजून त्यावरही टीडीएस कापल्याची प्रकरणं माझ्या टेबलावर आली आहेत, जरी घनश्याम निकालाप्रमाणे ती रक्कम मावेजाचा भाग आहे. ही फोड करायला जुन्या निवाड्याची प्रत लागते, कब्जापावतीची तारीख लागते. ती कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत असतात किंवा नसतात.

शेवटी परतावा मागायला रिटर्न भरावं लागतं. आयुष्यात कधी रिटर्न न भरलेल्या माणसाला. गावातल्या सुविधा केंद्रावर पॅन काढताना मोबाइल नंबर आणि ई-मेल दिला जातो तो बहुधा केंद्रवाल्याचा. पुढे विभागाची नोटीस त्या ई-मेलवर जाते. अपिलं आता चेहराविरहित आहेत, २०२० पासून. अधिकाऱ्यापुढे उभं राहून 'साहेब, ही धरणाची जमीन आहे' असं सांगायची सोय राहिली नाही. चेहराविरहित पद्धतीचे फायदे मी नाकारत नाही. शहरातल्या करदात्याची हेळसांड तिने कमी केली. ज्याचा ई-मेल दुसऱ्याचा आहे त्याला मात्र नोटीस आल्याचं बँक खातं गोठल्यावर कळतं.

आता याच्या उलट बाजूने जे सांगता येईल ते सांगितलं पाहिजे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर लागत नाही. निम्मी वजावट लक्षात घेतली तर दुसरं उत्पन्न नसलेल्या माणसाला २४ लाखांपर्यंतच्या अशा व्याजावर कर येणार नाही. लहान शेतकऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण कर शून्य झाला तरी कपात शून्य झालेली नाही, आणि कापलेलं परत मिळवण्याची वाट पूर्वीइतकीच लांब आहे. ज्यांना २०१२ साली किंवा २०१८ साली पैसे मिळाले त्यांचा कर तर भरून गेला. आणि जिथे सात-आठ एकर बागायत बुडाली, तिथे एकेका वारसाचं व्याजही २४ लाखांच्या वर जातं.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ ने निवाड्यावर आयकर लागणार नाही असं सरळ लिहिलं, आणि ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकाने प्रत्यक्ष कर मंडळानेही ते मान्य केलं. ज्यांची जमीन २०१४ नंतर त्या कायद्याखाली गेली त्यांची स्थिती म्हणून बरी. जुन्या कायद्याखालचे दावे मात्र अजून संपलेले नाहीत, आणि सर्वांत जास्त व्याज त्यांचंच आहे, कारण सर्वांत जास्त उशीर त्यांनाच झाला.

संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा केला. कलमं ८१९ वरून ५३६ झाली, शब्द पाच लाखांवरून जवळपास निम्म्यावर आले. भाषा सोपी झाली याचा मला आनंद आहे. जुन्या कायद्यात आपला हा एक नियम तीन ठिकाणी विखुरला होता: कोणत्या वर्षात धरायचा ते १४५ बी मध्ये, कोणत्या सदरात ते ५६ मध्ये, वजावट किती ते ५७ मध्ये. नव्या कायद्यातही मिळालेल्या वर्षात कर आणि निम्मी वजावट हा सांगाडा तोच आहे. शब्द कमी करून हा भार हलका होत नाही. भार उशिराच्या व्याजाला एका वर्षाची कमाई समजण्यात आहे.

म्हणून माझी मागणी आहे की कलम ८९ सारखा पर्याय मावेजाच्या व्याजाला द्यावा. ज्याला निम्मी वजावट सोयीची वाटेल त्याने ती घ्यावी, ज्याला वर्षांत वाटून घ्यायचं असेल त्याने तसं करावं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या खासदारांनी एकत्र येऊन अर्थसंकल्पाआधी हे मागितलं तर त्यात पक्षाचा प्रश्न येऊ नये. दुसरी मागणी राज्य सरकारकडे आहे, आणि तिला संसदेची गरज नाही. कोर्टात रक्कम भरताना प्रत्येक वारसाच्या हिश्शाचा आणि रकमेच्या फोडीचा तक्ता मराठीत जोडावा, आणि कपात त्या तक्त्याप्रमाणे त्या त्या पॅनवर व्हावी.

तोवर जे हातात आहे ते सांगतो. ज्यांच्या दरखास्ती चालू आहेत त्यांनी पैसे जमा होण्याची वाट न पाहता आताच सगळ्या वारसांची पॅन काढून आधारशी जोडून घ्यावीत, स्वतःचा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीचा मोबाइल आणि ई-मेल द्यावा, आणि आपल्या वकिलांमार्फत हिश्शांचा तक्ता संपादन करणाऱ्या कार्यालयाला लेखी देऊन पोच घ्यावी. निवाड्याची प्रत आणि कब्जापावती मिळत नसेल तर नकलेचा अर्ज आजच टाकावा. ज्यांचा टीडीएस कापला गेला आणि रिटर्न राहून गेलं, त्यांना उशीर माफ करून परतावा मागण्याचा अर्ज कलम ११९ खाली करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्याची मुदत संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षं आहे. पूर्वी ती सहा होती. ज्यांच्या घरी अलीकडच्या वर्षांत असे पैसे आले आहेत त्यांनी आपला २६ एएस हा करकपातीचा उतारा काढून वर्ष तपासावं. व्याख्यानानंतर मी इथेच आहे, आणि उद्या सकाळी बार असोसिएशनच्या मित्रांनी कोर्टाच्या आवारात बसायला जागा देऊ केली आहे. कागद घेऊन या.